चाकांवरचं गाढव, छतातलं भोक

आधी पाय ओले होतात. रात्री पडलेलं बर्फ सकाळी वितळून रस्त्यावर राडा झालाय, आणि तुमच्या पायांतल्या चामड्याच्या पातळ जोड्यांचं त्यापुढे काही चालत नाही. अंगावर लोकरीचा खरबरीत डगला आहे, डोक्यावरची टोपी दोन बोटं मोठी आहे. आजूबाजूला ओल्या लोकरीचा, धुराचा आणि चरबीच्या दिव्यांचा वास. शहर आउग्सबुर्ग, दक्षिण जर्मनीतलं. लेख आणि वेर्ताख या दोन नद्यांच्या मधलं, विणकरांचं आणि सावकारांचं. तारीख 20 मार्च 1502, रविवार. ईस्टर बरोबर एका आठवड्यावर आलाय.

तुम्ही कुठून आलात हे इथे कोणाला सांगत बसू नका. गेल्याच महिन्यात वास्को द गामा लिस्बनहून दुसऱ्यांदा निघाला आहे आणि आत्ता अजून समुद्रावर आहे. गोवा आदिलशाहीत आहे. तीन वर्षांनी याच गल्ल्यांतले वेल्सर आणि फुगर हे सावकार हिंदुस्थानाकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यात पैसा घालतील, मिरीच्या आशेनं. पण ते पुढचं. आज पेढ्या बंद आहेत आणि सगळं शहर एकाच दिशेला चाललंय. त्यांच्या मागे चला.

शहराच्या दक्षिण टोकाला संत उलरिख आणि संत आफ्रा यांचं चर्च आहे. आत पाय टाकल्यावर तुमचा विरस होतो. तुम्ही आलात ते मध्ययुगातल्या रंगवलेल्या लाकडी मूर्ती बघायला, आणि इथे तर सगळं झाकून ठेवलंय. वेदीपुढे छतापासून लोंबणारा प्रचंड पडदा. खांबाखांबाला कापडात गुंडाळलेले उभे आकार, पावसाळ्यात माळ्यावर टाकलेल्या सामानासारखे. पलीकडे, चर्चच्या पुढच्या भागात, अजून परांच्या उभ्या आहेत. त्या भागाची पायाभरणी दोनच वर्षांपूर्वी राजा माक्सिमिलियानच्या हातून झाली. चुन्याची धूळ अजून हवेत आहे.

हा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ. मांस बंद, सणवार बंद, लग्नं बंद. जिभेला उपवास आणि डोळ्यांनाही. गोडधोड बंद ठेवायचं तशा मूर्तीही नजरेआड ठेवायच्या. ज्या लोकांच्या घरात रंग म्हणजे एखादी लाल ओढणी किंवा कोबीचा हिरवा, त्यांच्याकडून सहा आठवडे रंग काढून घ्यायचा. ही युक्ती ज्यानं काढली त्याला माणसाचा स्वभाव चांगला कळत होता, असं तुम्हाला वाटून जातं.

मग दाराबाहेरून आवाज येतो. खडखड, खडखड, मध्येच करकर. दगडी फरशीवर लाकडी चाकं.

गाढव येतंय.

चार चाकांच्या फळीवर उभं असलेलं करड्या रंगाचं लाकडी गाढव, जवळजवळ खऱ्याएवढं, आणि त्यावर बसलेला ख्रिस्त. उजवा हात वर, आशीर्वादाची बोटं उचललेली. फळीला दोर बांधलाय आणि माणसं तो ओढताहेत. येशू गाढवावर बसून जेरुसलेममध्ये शिरला तो हा दिवस. लोकांनी तेव्हा वाटेवर खजुराच्या फांद्या अंथरल्या. इथे खजूर कुठून यायचा? म्हणून वाळुंजाच्या जातीतल्या झाडाच्या डहाळ्या आहेत, त्यांवर मांजराच्या पिल्लाच्या पंजासारखे मऊ, रुपेरी कोंब. त्याच डहाळीला इथली माणसं 'पाम' म्हणतात.

तुम्ही गाढवाकडे बघत असता आणि तुमच्या बरगडीत एक कोपर बसतं. शेजारची म्हातारी.

"टोपी," ती म्हणते. "देव येतोय आणि तू टोपी घालून उभा?"

टोपी काढा. मूर्ती येतेय असं ती म्हणाली नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

फळी एका खाचेवरून जाते, आणि वरचा ख्रिस्त पुढे झुकून मागे येतो. मान डोलावल्यासारखा. गर्दीतून एक हुंकार उठतो. पुजारी गाढवापुढे फरशीवर पालथा पडतो. दुसरा पुजारी त्याच्या पाठीवर डहाळी मारतो. हा विधीचाच भाग. पोरं गातात, डहाळ्या उडतात, गाढवाच्या खुरांवर, ख्रिस्ताच्या मांडीवर पडतात. नंतर याच डहाळ्या घरी नेऊन आढ्याला खोचतील. वीज पडू नये म्हणून. म्हातारी पुढे घुसते, ख्रिस्ताच्या पावलाला हात लावते आणि तोच हात तोंडावरून फिरवते. पावलाच्या अंगठ्यावरचा रंग उडून खालचं पांढरं दिसतंय. दर वर्षी एवढे हात लागल्यावर दुसरं काय होणार?

पालखीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. अडचण होते ती आज काचेपलीकडे हे गाढव बघणाऱ्याची. चाकं त्याला गंमत वाटतात.

या चर्चच्या मठासाठी असं गाढव उल्मच्या हान्स मुल्टशर या शिल्पकारानं 1456 मध्ये केलं. मुल्टशर 1467 मध्ये वारला. पण शहरातली ही रीत त्याच्याहून फार जुनी. 973 मध्ये वारलेल्या बिशप उलरिखच्या चरित्रात, गाढवावर बसलेल्या प्रभूची प्रतिमा घेऊन याच शहरात मिरवणूक निघाल्याचं लिहिलंय. म्हणजे तुम्ही बघताय त्या खडखडाटाला पाचशेहून अधिक वर्षं झाली आहेत. (मुल्टशरचं गाढव अजून शाबूत आहे, वेटनहाउझेनच्या मठात. आणि ऑस्ट्रियातल्या टाउर गावात आजही अशा गाढवाची मिरवणूक निघते.)

सोमवारी तुम्ही ग्रेगोर एरहार्टच्या कारखान्यात जाता. ग्रेगोर उल्मचा. बाप मिशेल एरहार्ट उल्ममधला नावाजलेला शिल्पकार. मुलगा 1494 मध्ये इथे येऊन आउग्सबुर्गचा नागरिक झाला. यंदा त्याच्याकडे मोठं काम आहे: काइसहाइमच्या मठासाठी वेदी. सुतारकाम त्याचा नातलग आडोल्फ डाउखर करणार, मूर्ती ग्रेगोर, आणि रंग थोरला हान्स होल्बाइन. तीन घरांत वाटलेलं काम.

आत शिरल्यावर पहिल्यांदा वाटतं की कोणाला तरी बाजेवर निजवलंय. दोन खुंटांच्या मध्ये, डोक्याला आणि पायांना पक्कड लावून, लाकडाचा ओंडका आडवा टांगलाय. उभं लाकूड कोरत नाहीत. आडवं ठेवायचं आणि लागेल तसं फिरवायचं, मांसाचा तुकडा सळईवर फिरवावा तसं. डोक्यात पकडीचं भोक राहतं, ते शेवटी खुंटी ठोकून बुजवतात. पुढे संग्रहालयातल्या एखाद्या संताच्या टाळूवर गोल ठिगळ दिसलं, तर हे आडवं निजणं आठवा.

लाकूड लिंडनचं. हृदयाच्या आकाराच्या पानांचं, मधमाश्यांचं आवडतं झाड. बारीक, एकसारखा पोत. आडवी-उभी कशीही पटाशी चालवा, कापलं जातं, तडकत नाही. पण ओला ओंडका वाळताना बाहेरून आधी आकसतो, आतला गाभा तसाच राहतो, आणि मग लाकूड उभं फाटतं. म्हणून गाभाच काढून टाकायचा. कोपऱ्यात एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा तेच करतोय. एका मूर्तीच्या पाठीवर वाकून, वाकसानं आणि गोल पटाशीनं, तो तिला पन्हळीसारखी पोकळ करत चाललाय. ढलप्या गुडघ्यापर्यंत.

"पाठ कोणी बघत नाही, मग एवढं नीट कशाला?" तुम्ही विचारता.

"फाटली की सगळे बघतात," तो म्हणतो, आणि मान वर करत नाही.

मधल्या खुंटांवर मरिया आहे. दोन्ही बाजूंना तिचा झगा पसरत चाललाय आणि त्याच्या आडोशाला गुडघे टेकलेली माणसं कोरायची आहेत, अगदी लहान, कोंबडीच्या पंखाखाली पिल्लं असावीत तशी. चेहऱ्यावर अजून पटाशीचे माग आहेत. ग्रेगोर कपाळापासून मागे सरकून डोळे बारीक करून बघतो, दोन ढलप्या काढतो, परत मागे सरकतो. तासाभरात तिची खालची पापणी येते. तुम्ही काही बोलू नका.

ही मूर्ती पुढे येणाऱ्या मूर्तिभंजनातून वाचेल, मठ बंद पडल्यावर इकडून तिकडे जात बर्लिनच्या संग्रहालयात पोचेल, आणि 1945 मध्ये महायुद्धाच्या शेवटी नष्ट होईल. उरतील ते जुने फोटो. तिचा रंग त्यांतून कळत नाही, म्हणून इथे जेवढा वेळ थांबता येईल तेवढा थांबा.

कोरून झालेली मूर्ती बघून तुम्हाला वाटतं, झालं, आता आणखी काय हवं? लाकडाचा तो फिकट, लोण्यासारखा रंग, त्यावरची सावली. आपल्याला हेच आवडतं. एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनाही हेच आवडलं, इतकं की त्यांनी असंख्य जुन्या मूर्तींचा रंग क्षार लावून, खरवडून काढून टाकला. 'अस्सल' लाकूड दिसावं म्हणून. मला हा प्रकार एखाद्या नटाचा मेकअप नव्हे, कातडीच काढल्यासारखा वाटतो. इथल्या माणसांना रंगाविना मूर्ती अर्धवट वाटते. तिल्मान रीमेनश्नायडरनं 1490 च्या सुमारास म्युनरश्टाटच्या चर्चसाठी मारिया माग्दालेनाची वेदी केली आणि लाकूड रंगाविना ठेवलं. आज त्याच गोष्टीसाठी त्याचं कौतुक होतं. गावकऱ्यांना मात्र ते पचलं नाही. काही वर्षांनी त्यांनी पैसे खर्चून ती रंगवून घेतली, तीही फाइट श्टोसकडून, जो स्वतः मोठा शिल्पकार होता आणि खोट्या दस्ताबद्दल न्युरेंबर्गमध्ये दोन्ही गालांवर तापल्या लोखंडाचे डाग घेऊन आला होता.

म्हणून आता होल्बाइनच्या घरी. दारातच नाकात सरसाचा वास भरतो. कातड्याच्या तुकड्यांपासून उकळून काढलेला, थोडा कुजका, थोडा गोड वास. इथे आठ वर्षांचा आणि पाच वर्षांचा अशी दोन मुलं पायात येतात. थोरला आंब्रोसियुस, धाकट्याचं नाव बापाचंच, हान्स. हा धाकटा पुढे इंग्लंडच्या राजाची चित्रं काढणार आहे. आत्ता त्याला शिंपल्यात कालवलेला रंग चाखून बघायचाय आणि एक नोकर त्याला दंडाला धरून बाहेर नेतोय. बरं करतोय. शिंपल्यात शिशाचा सफेदा आहे.

आधी लाकडाला पातळ गरम सरस पाजतात. जिथे सांधा आहे, गाठ आहे, तिथे सरसात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. मग खडूची भुकटी सरसात कालवून तिची पुटं. एक वाळलं की दुसरं, मग तिसरं. आठही होतात, त्याहून अधिकही. पटाशीनं कोरलेली बारीक रेघ या पांढऱ्यात बुडून जाते, म्हणून रंगारी ती पुन्हा कोरून काढतो: केसांच्या बटा, नखांच्या कडा. कोरणारा एक आणि रंगवणारा दुसरा असं म्हटलं की वाटतं, एकानं केलं आणि दुसऱ्यानं वरून फासलं. तसं नाही. रंगाऱ्याच्या हाती मूर्ती दुसऱ्यांदा घडते, आणि पुष्कळदा त्याचं बिल शिल्पकाराहून मोठं असतं.

पांढरं पुट वाळल्यावर एका जातीच्या खरबरीत गवताच्या वाळल्या कांड्यांनी ते घासतात. त्या गवतात वाळूचा अंश असतो; आपला पॉलिशपेपर म्हणा. हस्तिदंतासारखं गुळगुळीत होईपर्यंत घासायचं. मग जिथे सोनं यायचं तिथे लाल मातीचं पुट, गेरूसारखं पण लोण्याइतकं मऊ. नाणी ठोकून केलेला वर्ख चिमट्यावर येतो तेव्हा खोलीतलं बोलणं थांबतं. जरासा श्वास लागला तरी तो उडतो, आणि खिडक्या बंद करायचं कारण थंडी नसून हे आहे, हे तुम्हाला आत्ता कळतं. ओल्या लाल मातीवर वर्ख टेकतो आणि आपोआप चिकटतो. वाळल्यावर कुत्र्याच्या सुळ्यानं किंवा गुळगुळीत दगडानं घोटायचं. दहा मिनिटांपूर्वी पिवळसर कागद वाटत होता तो आता ओतीव धातू झालाय, आणि त्याच्या पोटातून ती लाल माती किंचित ऊब देते. झग्याच्या आतल्या बाजूला निळा, तांब्याच्या खनिजापासून केलेला. तो जाडसर दळावा लागतो, फार बारीक केला तर फिका पडतो. जरीच्या कापडासाठी तर निराळीच कारागिरी: कोरलेल्या साच्यात कथलाचा पातळ पत्रा दाबून त्यावर जरीचे उभे-आडवे धागे उठवायचे, मागून मेणाचं मिश्रण भरायचं, सोनं चढवायचं, आणि तो तुकडा मूर्तीवर डकवायचा. बोट फिरवलं तर धागे लागतात. पैठणीचा पदर ओळखणारी बाईही क्षणभर फसेल.

कातडी शेवटी. सफेदा, त्यात चिमूटभर हिंगूळ, जवसाच्या तेलात. मरियेच्या गालाला जास्त गुलाबी नको. रडून गेलेल्या बाईचं नाक आणि पापण्यांच्या कडा मात्र लालसर हव्यात. ख्रिस्ताच्या मूर्तीला हिरवट झाक, ओठांत निळं. जखमेतलं रक्त जाड ठेवायचं, थेंब उठून दिसला पाहिजे. आणि अगदी शेवटी डोळे. होल्बाइन त्यासाठी हात धुऊन येतो, बाकीचे आपसूक मागे सरतात. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायला सगळ्यांत जाणता कारागीर बसतो, तीच शांतता इथे आहे. कुंचल्याचं टोक टेकतं, उचलतं. बाहुलीत पांढरा ठिपका पडतो आणि आतापर्यंत जी वस्तू होती ती तुमच्याकडे बघायला लागते. तुम्ही नजर वळवता. का वळवली हे सांगता येणार नाही.

गुरुवारपासून घंटा वाजत नाहीत. त्यांच्याऐवजी पोरं लाकडी करकऱ्या फिरवत गल्ल्यांतून जातात. दात कटकटल्यासारखा आवाज.

शुक्रवार, 25 मार्च. यंदा एक योग आलाय ज्याची सगळीकडे कुजबुज आहे. 25 मार्च हा देवदूतानं मरियेला गर्भाची वार्ता दिली तो सण. आणि यंदा क्रुसाचा शुक्रवारही त्याच तारखेला. तो पोटात आला तो दिवस आणि मेला तो दिवस एकच, असं जुने लोक मानत आलेत. म्हातारी आज पुन्हा तुमच्या शेजारी आहे आणि बोटं मोजत हे तुम्हाला दोनदा सांगते.

आजचं चर्च दुसरं, लहान आहे, माणसं दाटीवाटीनं. आधी सगळे गुडघ्यांवर सरकत क्रुसाकडे जातात आणि मूर्तीच्या पायांचं चुंबन घेतात. तुम्हीही सरकता. जवळून दिसतं की खिळ्याभोवतीचं रक्त ओठांनी पुसट झालंय.

मग दोन पुजारी शिडी लावतात. एक जण पकडीनं उजव्या हाताचा खिळा काढतो, आणि तो हात खाली पडतो.

तुमच्या तोंडून आवाज निघतो. लाकडाचा हात असा पडत नाही. तो मेलेल्या माणसाचा हात पडतो तसा, आधी खांद्यातून आणि मग मनगटातून पडला. मूर्तीच्या खांद्यांत सांधे आहेत; सांध्यावर चामडं चिकटवून वरून कातडीचा रंग दिलाय, म्हणून फट दिसत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, काल-परवाच तुम्ही सरस आणि सफेदा पाहिलात. ठाऊक असून उपयोग होत नाही. दुसरा खिळा निघतो. पुजारी ते शरीर खांद्यावर घेतो, दोन्ही हात त्याच्या पाठीवर लोंबतात, आणि बायका मोठ्यानं रडायला लागतात, घरातलं माणूस गेल्यासारख्या. हात पोटाशी जुळवून मूर्ती पांढऱ्या कापडात गुंडाळतात आणि बाजूच्या थडग्यात ठेवतात. थडग्यापाशी दिवे, स्तोत्रं म्हणणारी माणसं. ती पाळीपाळीनं ईस्टरच्या पहाटेपर्यंत बसतील.

जर्मनीतच डेबेल्न या गावी 1510 च्या सुमाराची अशी एक मूर्ती आहे जिला खऱ्या माणसाचे केस लावलेत, आणि कुशीतल्या जखमेमागे रक्त भरायची खोबण ठेवलीय. हे तंत्र बटबटीत आहे, मान्य. नाटकीही आहे. पण नाटक बघताना आपण खुर्चीत बसलेले असतो, आणि इथे म्हातारीचे गुडघे फरशीवर आहेत.

ईस्टरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते शब्दांत धरायला कठीण आहे. पहाट, अंधार, थडगं रिकामं, कापड वर धरून दाखवतात. आणि सगळी कापडं उतरलेली. वेदीची दारं, जी एरवी मिटलेली असतात, ती आज दोन्ही बाजूंना उघडलेली. सहा आठवडे करडं बघितलेल्या डोळ्यांवर सोनं, हिंगूळ, निळा असे एकदम येऊन आदळतात. आणि ते सोनं स्थिर नाही. आपण संग्रहालयात ते बघतो ते वरून पडणाऱ्या विजेच्या थंड प्रकाशात. इथे खाली शंभर ज्योती हलताहेत, म्हणून घोटलेल्या सोन्यावर उजेड सरकतो, आणि झग्याच्या घड्या श्वास घेतल्यासारख्या हलतात. म्हातारी हसतेय. तिला पुढचे दोन दात नाहीत, हे तुम्ही आज पहिल्यांदा बघता.

5 मे, गुरुवार. सांक्ट मोरिट्झचं चर्च. आज सगळे वर बघताहेत, कारण छताच्या कमानीत मधोमध एक गोल भोक आहे. ईस्टरनंतरचा चाळिसावा दिवस. आज ख्रिस्त स्वर्गात जायचा, आणि तो खरंच जाणार. मध्यभागी टेबलावर त्याची मूर्ती उभी आहे, डोक्यातल्या कडीत दोर अडकवलेला. गाणं चढतं, वर माळ्यावर कोणीतरी रहाट फिरवतं, आणि मूर्ती टेबल सोडते. हळूहळू, स्वतःभोवती गिरकी घेत. पोरं ओरडतात. म्हाताऱ्या माणसांचं लक्ष गिरकीवर असतं: भोकात शिरताना त्याचं तोंड ज्या दिशेला, त्या दिशेनं यंदा वादळ येणार. आज तोंड कुठे होतं यावरून दोघा विणकरांचं तिथेच भांडण लागतं.

शेवटी दिसतात ती पावलं. तळवेसुद्धा रंगवलेत, कारण आज सगळं शहर ते खालून बघणार हे रंगाऱ्याला माहीत होतं. मग पावलंही जातात, भोक काळं होतं, क्षणभर काहीच नाही, आणि वरून पोळीसारख्या पातळ पापड्या आणि फुलं यांचा वर्षाव होतो. पाठोपाठ पाणी. एकच झोंबाझोंबी. तुमच्या टोपीत एक पापडी पडते. खाऊन बघा. पिठाची आहे, चव काही नाही.

आता डोळे मिटा आणि तिथेच, त्याच खांबापाशी, उघडा.

22 मे 1533. पुन्हा स्वर्गारोहणाचा गुरुवार. एकतीस वर्षं गेली आहेत. म्हातारी नाही. मार्टिन ल्यूथर, झ्विंगली या धर्मसुधारकांची नावं आता इथल्या बाजारातसुद्धा ऐकू येतात, आणि शहर दोन तटांत वाटलं गेलंय. देवाची जिवंत प्रतिमा म्हणजे गरीब माणूस. तो थंडीत कुडकुडतोय आणि तुम्ही लाकडाला जर नेसवता, असं नवे उपदेशक म्हणतात. विणकरांच्या या शहरात ते लगेच पटतं, कारण कुडकुडणारी माणसं समोरच आहेत. मला त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही. आणि तरी.

सांक्ट मोरिट्झचा कारभारी मार्क्स एहेम नव्या मताचा. त्यानं मिरवणुकीची मूर्ती कुलपात टाकलीय आणि छतातलं भोक बंद करून घेतलंय. आंटोन फुगर जुन्या मताचा, आणि युरोपातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. त्यानं भोक पुन्हा उघडलंय आणि नवी मूर्ती करून आणलीय. खाली गर्दी आहे, पण ती 1502 सारखी नाही. अर्धी माणसं वर बघताहेत, अर्धी दाराकडे.

गाणं सुरू होतं. रहाट फिरतो. मूर्ती उठते, तीच गिरकी, तसेच रंगवलेले तळवे. वादळ कोणत्या दिशेनं हे बघायला एक-दोन म्हातारे अजूनही मान वाकडी करतात. ती भोकातून नाहीशी होते.

मग दाराशी गलका. एहेम आपली माणसं घेऊन आलाय. आरडाओरड, शिव्या, जिन्यावर धावणारी पावलं. वरच्या अंधारातून मूर्ती परत दिसते आणि यावेळी ती हळूहळू येत नाही. आवाज ओंडका पडल्याचा नसतो. आधी काहीतरी तडकतं, मग घुमतं, मग तुकडे फरशीवर घरंगळत जातात.

पुढे नगरसभा शिक्षा करेल ती फुगरला. 1537 मध्ये शहरातल्या चर्चमधून मूर्ती काढून टाकायचा हुकूम होईल. पण आत्ता सगळे भांडताहेत आणि तुकड्यांकडे कोणाचं लक्ष नाही. तुमच्या पायाशी एक आलाय. झग्याची कड असावी, तळहाताएवढी. उचला. फुटलेल्या बाजूला लिंडनचं लाकूड दिसतं, ताज्या लोण्यासारखं फिकट. त्यावर कापडाच्या पट्टीचे धागे. मग पांढरं, एकावर एक. नखाच्या कडेनं तुम्ही पुटं मोजायला लागता: चार, पाच, सहा. त्यावर लाल मातीची रेघ, केसाएवढी, आणि तिच्यावर सोनं, जे बाजूनं बघितलं तर दिसतही नाही. झग्याच्या आतली बाजू निळी आहे.

तुकडा नाकाशी नेता. मूर्ती नवी आहे. जवसाच्या तेलाचा वास अजून गेलेला नाही.